दुसऱ्याच्या मजकुराचा जाब कोणाला?

नांदेड जिल्ह्यातील बिलोली हा तेलंगणाला खेटून असलेला तालुका. मांजरा नदी ओलांडली की पलीकडे बोधन. सोयरिकी, बाजारहाट आणि बोली नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या असल्यामुळे येथील संभाषण मराठीत सुरू होऊन तेलुगूत शिरते आणि कित्येकदा दखनी उर्दूत संपते. भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सअ‍ॅप गटांचेही तेच. पीकविम्याची मुदत, धर्माबादच्या बाजारातील मिरचीचा भाव, शाळेची सूचना, कोणाच्या घरची निधनवार्ता हे सारे आता या गटांवरून फिरते. त्याच वाटेने झटपट कर्ज देणाऱ्यांच्या जाहिराती येतात, कोणाच्या तरी नावाने शिवीगाळ येते आणि मूल पळवणारी टोळी आल्याची अफवाही येते. गटाची जबाबदारी ज्याच्याकडे असते, त्याला रूढ भाषेत अ‍ॅडमिन म्हणतात. त्याला पगार नसतो आणि हाताखाली कोणी माणूस नसतो. बहुधा पहिल्या दिवशी गट त्याने उघडला, एवढीच त्याची पात्रता. तरीही कोणी काही भलते लिहिले की पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो: ‘तुम्ही हे येऊ कसे दिले?’

प्रश्न नवा वाटला तरी महाराष्ट्राला तो नवा नाही. मराठी पत्रसृष्टीतील पहिल्या गाजलेल्या तुरुंगवासाचे मूळ दुसऱ्याकडून आलेल्या मजकुरातच होते. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तरुण छत्रपतींविरुद्ध कारस्थान करीत आहेत, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी केला. त्यासाठी आधार म्हणून वापरलेली पत्रे संपादकांनी स्वतः लिहिलेली नव्हती. ती त्यांच्या हाती दुसऱ्यांनी दिली होती. पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद मागे घेतली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. सूट मिळून ते २६ ऑक्टोबर रोजी सुटले. त्या १०१ दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिले. पत्रे खरी आहेत अशी संपादकांची प्रामाणिक समजूत होती, हे कोणी फारसे नाकारले नाही. पण छापण्यापूर्वी मजकूर त्यांच्या टेबलावर होता, तो छापावा की नाही हे त्यांनी ठरवले, आणि ठरवणाऱ्याने जाब द्यायचा हा न्याय त्यांना लागू झाला.

हाच न्याय १८६७ च्या छापखाने व पुस्तके नोंदणी कायद्यात होता. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांचे नाव प्रत्येक अंकावर असलेच पाहिजे. मजकूर कोणाचाही असो, न्यायालयात नाव छापलेल्या माणसाला उभे राहावे लागेल. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा जो पहिला खटला झाला, त्यात टोपणनावाने छापलेली कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातील भाषणांचा वृत्तांत हाच पुरावा होता. त्याबद्दल त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. १८६७ च्या कायद्याची जागा आता नियतकालिक नोंदणीच्या २०२३ च्या कायद्याने घेतली आहे आणि तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला आहे. वाचकांच्या पत्रांखाली ‘या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ अशी ओळ छापण्याची प्रथा याच भीतीतून आली. कायद्याच्या दृष्टीने त्या ओळीला फारशी किंमत नाही, ही गोष्ट वेगळी.

संपादकाच्या आणि अ‍ॅडमिनच्या कामात मात्र एक मूलभूत फरक आहे. वर्तमानपत्रात मजकूर आधी संपादकाकडे येतो आणि मग वाचकाकडे जातो. गटात तो एकाच क्षणी सर्वांकडे जातो. अ‍ॅडमिनही इतरांइतकाच वाचक असतो. कदाचित तो शेतात असेल, झोपलेला असेल किंवा नदीपलीकडे जिथे सिग्नल नाही तिथे असेल. चाळणी छापण्यापूर्वीची राहिली नाही, ती नंतरची झाली. कायद्याला हा फरक समजायला बराच काळ लागला.

२००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात सेवा पुरवणाऱ्यांना कलम ७९ खाली काही संरक्षण होते. पण आपल्याला जाणीव नव्हती किंवा आपण योग्य ती दक्षता घेतली, हे सिद्ध करण्याचे ओझे त्यांच्यावरच होते. डिसेंबर २००४ मध्ये एका संगणकीय बाजारपेठेच्या प्रमुखाला दिल्ली पोलिसांनी अटक केली, ती कोण्या एका सदस्याने तेथे विक्रीस ठेवलेल्या अश्लील चित्रफितीवरून. त्या प्रकरणाने उद्योगजगत हादरले आणि पुढे २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ती ऑक्टोबर २००९ पासून अमलात आली.

मधल्या काळात महाराष्ट्रातील एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ऑर्कुट नावाचे एक सामाजिक संकेतस्थळ तेव्हा तरुणांत फार लोकप्रिय होते. ते २०१४ मध्ये बंद झाले. केरळमधील संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्यावर शिवसेनेविरुद्ध एक गट उघडला. त्या गटावर अनेकांनी, काहींनी निनावी, तिखट शेरे लिहिले. २००८ मध्ये ठाणे जिल्ह्यात गट उघडणाऱ्या विद्यार्थ्यावर गुन्हा नोंदवला गेला. गुन्हा रद्द करावा, ही त्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये मान्य केली नाही. संगणकाचा विद्यार्थी आहेस, महाजालावर लिहिलेले किती जण वाचतात हे तुला ठाऊक असायला हवे, असा न्यायालयाचा रोख होता. लिहिणारे अनेक होते, पण कठड्यात उभा राहणारा एकच. डोंगरीच्या तुरुंगाची सावली अशी शतकभरानंतरही लांब पडलेली होती.

दुरुस्त झालेल्या कलम ७९ ने एक तत्त्व मात्र स्पष्ट केले आणि ते समजून घेण्याजोगे आहे. जो फक्त वाहून नेतो, संदेश स्वतः सुरू करत नाही, कोणाला जावा हे ठरवत नाही आणि मजकुरात निवड किंवा बदल करत नाही, त्याला दुसऱ्याच्या मजकुराबद्दल जबाबदार धरता येणार नाही. टपाल खात्याला पत्रातील शिवीबद्दल कोणी पकडत नाही, तसेच. तर्क सुबक आहे, पण त्यातून एक विचित्र कोडे उभे राहते. निवड केली की संरक्षण जाईल अशी भीती असेल, तर घाण साफ करण्यापेक्षा डोळे मिटून बसणे अधिक सुरक्षित ठरेल. जो झाडू हातात घेईल तो सापडेल आणि जो कचरा साचू देईल तो सुटेल. हे कोडे नियमांनी सोडवावे लागले. २०२१ च्या नियमांत असा खुलासा आहे, की मध्यस्थाने बेकायदा मजकूर स्वतःहून किंवा तक्रारीवरून काढून टाकला, तर केवळ त्या कारणाने त्याचे संरक्षण जाणार नाही. दुसऱ्या बाजूने, कोणीही उठून ‘हे काढा’ म्हटले की मध्यस्थाने काढलेच पाहिजे, असेही नाही. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मध्यस्थाला ‘प्रत्यक्ष जाणीव’ झाली असे मानायचे ते न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाल्यावरच. याच निकालाने कलम ६६ अ रद्द झाले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक मजकुरावरून याच कलमाखाली अटक झाली होती. त्यातील एकीने तर तो मजकूर केवळ पसंत केला होता.

पण हे सारे कंपन्यांपुरते झाले. बिलोलीतील शाळेच्या गटाचा अ‍ॅडमिन असलेला शिक्षक या व्याख्येत बसतो काय? याचे थेट उत्तर महाराष्ट्रात विदर्भातून मिळाले. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव येथे २०१६ मध्ये एका व्हॉट्सअ‍ॅप गटातील सदस्याने त्याच गटातील महिलेविषयी अर्वाच्य भाषा वापरली. महिलेची तक्रार लिहिणाऱ्याविरुद्ध होतीच. शिवाय अ‍ॅडमिनने त्या सदस्याला गटातून काढले नाही आणि त्याला माफीही मागायला लावली नाही, म्हणून अ‍ॅडमिनविरुद्धही होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी अ‍ॅडमिनविरुद्धची कारवाई रद्द केली. न्यायालयाचे विवेचन साधे आहे. अ‍ॅडमिनला माणसे घेण्याचा आणि काढण्याचा अधिकार असतो. ती काय लिहितील यावर त्याचा आधी ताबा नसतो. सदस्य काय लिहिणार हे त्याला अगोदर कळत नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्याची जबाबदारी एखाद्यावर टाकायची, तर तसे सांगणारे कायद्याचे कलम हवे, आणि असे कलम नाही. दोघांचा समान हेतू होता किंवा पूर्वयोजना होती असे दाखवता आले, तर गोष्ट निराळी. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याआधी २०१६ मध्ये एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात याच अर्थाचा दृष्टांत दिला होता: अ‍ॅडमिनला जबाबदार धरणे म्हणजे वर्तमानपत्रातील बदनामीबद्दल कागद बनवणाऱ्या गिरणीला धरण्यासारखे आहे. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये अ‍ॅडमिन हा कायद्याने ‘मध्यस्थ’ नाही, असे सांगून त्याची सुटका केली.

म्हणजे अ‍ॅडमिन संपादक नाही आणि मध्यस्थही नाही. मग निश्चिंत व्हावे काय? येथे एक बारकावा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. नागपूरचा निकाल लागला तेव्हा अ‍ॅडमिनला दुसऱ्याने टाकलेला संदेश पुसताच येत नव्हता. २०२२ च्या उत्तरार्धात व्हॉट्सअ‍ॅपने ती सोय दिली. केवळ अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था २०१८ पासून आहे, आणि नव्या सदस्याला मंजुरी देण्याची सोय २०२३ मध्ये आली. हात बांधलेले आहेत, या गृहीतकाचा निकालाला मोठा आधार होता; ते हात आता बरेच मोकळे झाले आहेत. संदेश पाहिला, तो बेकायदा आहे हे कळले, पुसण्याचे बटण हाताशी होते आणि तरी दिवसभर राहू दिला, अशा अ‍ॅडमिनला उद्याचे न्यायालय त्याच मापाने मोजील, असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. केवळ अधिकार वाढला म्हणून अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही, हे खरे. पण जाणीव आणि अधिकार एकत्र आले की जबाबदारीचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो, हाच १८८२ पासूनचा अनुभव आहे.

पोलिसांची भाषा तर नेहमीच अधिक कडक राहिली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये अयोध्येचा निकाल लागण्याच्या सुमारास राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी अ‍ॅडमिनांना बजावले आणि गटांवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था ठेवण्यास सांगितले. अशा सूचनेचे उल्लंघन आणि दुसऱ्याचा गुन्हा यांत फरक आहे. सूचना वाचणाऱ्याला तो क्वचितच कळतो.

त्यामागची धास्ती अनाठायी होती असे मात्र म्हणता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. मुले पळवणारे आले आहेत, ही अफवा त्या काळात भ्रमणध्वनीवरून गावोगाव फिरत होती. मेलेले भिक्षेकरी होते. अफवा कोणी रचली, हा प्रश्न अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही. रचणारा कदाचित शेकडो मैल दूर, दुसऱ्या भाषेत लिहिणारा असतो. उपयोगी प्रश्न एवढाच, की ती आपल्या गटात आली तेव्हा कोणी तरी ‘ही चित्रफीत कुठली, कधीची?’ असे विचारले काय. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. वारंवार पुढे पाठवलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, हा नियम एप्रिल २०२० मधला. मजकूर न वाचता केवळ त्याचा वेग कमी करणारी ही चाळणी होय.

आता दुसऱ्या प्रकारच्या मजकुराकडे वळावे. त्यात द्वेष नसतो, फक्त व्यापार किंवा फसवणूक असते आणि तो माणसाने नव्हे, यंत्राने घाऊक पाठवलेला असतो. त्याला स्पॅम हे नाव डबाबंद मांसाच्या एका अमेरिकी प्रकारावरून, एका विनोदी दूरचित्रवाणी मालिकेच्या मार्गे मिळाले. येथे कोण दोषी हा प्रश्न गौण असतो; ओळखायचे कसे, हा खरा.

सर्वांना प्रथम सुचणारा उपाय म्हणजे वाईट शब्दांची यादी. ती कशी फसते हे मराठवाड्याइतके चांगले कुठेच दिसणार नाही. घाऊक संदेशांत सर्वांत नेमाने येणारा शब्द ‘कर्ज’. तो अडवला, तर पीककर्जाच्या नूतनीकरणाची बँकेची सूचनाही अडते. ‘विमा’ अडवला, तर पीकविम्याची शेवटची तारीख कोणाला कळत नाही. म्हणून २००२ च्या सुमारास संभाव्यतेच्या गणितावर चालणाऱ्या चाळण्या लोकप्रिय झाल्या. त्यांचे तत्त्व अठराव्या शतकातील बेझ नावाच्या पाद्र्याच्या सिद्धांतात आहे, पण ते समजायला गणित फारसे लागत नाही. समजा, एका गटातील १०० नकोशा संदेशांपैकी ६० मध्ये ‘कर्ज’ हा शब्द आहे आणि १०० हव्याशा संदेशांपैकी ३० मध्ये. म्हणजे एकट्या ‘कर्ज’वरून संशय दोनास एक. ‘सातबारा’ हा शब्द नकोशांत एकदा आणि हव्याशांत २० वेळा येतो. दोन्ही शब्द एका संदेशात आले, तर गुणाकाराने प्रमाण एकास दहा होते, म्हणजे तो नकोसा असण्याची शक्यता सुमारे ९ टक्के. उलट ‘कर्ज’सोबत ‘झटपट’ आले आणि तो शब्द नकोशांत ४० वेळा, हव्याशांत दोनच वेळा येत असेल, तर प्रमाण चाळीसास एक. शक्यता ९७ टक्क्यांहून अधिक. शब्द वाईट नसतो, संगत वाईट असते, एवढेच यंत्राला शिकवलेले असते.

या हिशेबात एक मेख आहे. आकडे त्या त्या गटाचे असावे लागतात. मुंबईच्या नोकरदारांच्या पत्रव्यवहारावर तयार झालेली चाळणी ‘सातबारा’ ओळखणार नाही. बिलोलीत तर अडचण आणखी वाढते. तोच शब्द कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत, कोणी रोमन लिपीत स्वतःच्या उच्चाराप्रमाणे. वाक्याचा उत्तरार्ध तेलुगूत असू शकतो आणि शेवटी उर्दू दुआ. यंत्राला हे पाच वेगवेगळे शब्द दिसतात. मोठ्या भाषाप्रतिमानांवर चालणाऱ्या आजच्या चाळण्या या बाबतीत जुन्यांहून बऱ्याच पुढे आहेत, पण सीमाभागातील मिश्र बोलीतील शिवी आणि थट्टा यांतील अंतर ओळखायला अजूनही गावचाच माणूस लागतो.

पाठवणाऱ्याचे नाव अडवण्याचा उपाय त्याहूनही लंगडा. नाव बदलून परत येणे ही युक्ती फार जुनी आहे, आणि तिचा सर्वांत तेजस्वी वापर याच प्रदेशात झालेला आहे. नांदेड जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या नावांनी अंक काढणे चालू ठेवले. बंदी नावावर होती आणि मजकूर एकच होता. तीच पळवाट आज कर्जाच्या जाहिरातदारांना दर आठवड्याला नव्या क्रमांकाने उपलब्ध आहे.

म्हणून लघुसंदेशांच्या बाबतीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने वाईटांची यादी करण्याऐवजी उलट वाट धरली. २०१८ च्या नियमांनुसार व्यापारी संदेश पाठवणाऱ्याने आपली नोंदणी, आपले नाव आणि संदेशाचा नमुनाही अगोदर नोंदवावा लागतो; नमुन्यात न बसणारा संदेश कंपनीने पुढे जाऊच द्यायचा नाही. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने पाठवणाऱ्याच्या नावापुढे जाहिरात, सेवा, व्यवहार किंवा शासन यांचे निदर्शक अक्षर आले. तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली आणि ती १९०९ या क्रमांकावर करता येते. ही व्यवस्था लघुसंदेश आणि दूरध्वनी यांपुरतीच आहे. गटांवर येणाऱ्या मजकुराला ती लागू नाही, आणि त्यामुळेच उपद्रव तिकडे सरकला आहे.

त्यातील सर्वांत घातक प्रकार जाहिरातीचा नाही. ‘पीएम किसान’ किंवा वाहनाच्या दंडाची पावती अशा नावाने एक फाइल गटात येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात. ती उघडून स्थापित केली की भ्रमणध्वनीचा ताबा ठगाकडे जाऊ शकतो आणि बँकेचे सांकेतिक क्रमांक त्याला वाचता येतात. मग तीच फाइल त्या माणसाच्या नावाने त्याच्या सर्व गटांत जाते. म्हणजे पाठवणारा ओळखीचा, प्रसंगी अ‍ॅडमिनचा चुलतभाऊच असतो. ‘आपल्या माणसाने पाठवले’ ही गावातील सर्वांत विश्वासाची चाळणी येथे पूर्ण निकामी ठरते. अशी फाइल दिसताच ती पुसावी, पाठवणाऱ्याला गटावर नव्हे तर थेट दूरध्वनीवर कळवावे, आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विलंब न लावता तक्रार करावी. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

शिवीगाळ, धमकी किंवा महिलेविषयीचा अश्लील मजकूर यांच्या बाबतीत मात्र पुसण्याची घाई करण्यापूर्वी एक गोष्ट करावी लागते. जिच्याविषयी ते लिहिले गेले, तिला तक्रार करायची असेल तर पुरावा लागणार. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ नुसार संगणकीय नोंद प्रमाणपत्रासह सादर करावी लागते. पडद्याचे छायाचित्र उपयोगी असते. मूळ संदेश ज्या उपकरणावर आहे ते उपकरण जपून ठेवलेले अधिक चांगले. तेव्हा आधी संदेश, क्रमांक, तारीख आणि वेळ दिसेल असे छायाचित्र घ्यावे, संबंधित महिलेला विचारावे आणि मग गटावरून तो काढावा. काढल्यावर त्या जागी, हा संदेश अमुक अ‍ॅडमिनने पुसला, अशी ओळ सर्वांना दिसते. कोणी पुसला हे लपत नाही, आणि का पुसला हे त्याखाली एका वाक्यात लिहिण्यास कोणताही कायदा आड येत नाही.